तेराव्या स्तोत्राची वही

‘देव विश्वासू आहे’ हे वाक्य चर्चच्या मंडळीत सगळ्यात जास्त ऐकू येतं ते साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे लोक उभं राहून सांगतात तेव्हा. नोकरी लागली, रिपोर्ट नॉर्मल आला, रखडलेलं लग्न जमलं. साक्ष देणाऱ्याचं काही चुकत नाही. पण त्याच बाकावर, दोन माणसं सोडून, असं कुणीतरी बसलेलं असतं ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आलेला नाही. टाळ्या वाजतात तेव्हा तेही वाजवतं आणि आपल्याच विश्वासात काही खोट असावी असं मनाशी धरून घरी जातं.

त्या माणसासाठी बायबलमध्ये भरपूर साहित्य आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. शिवाय विलापगीत, ईयोब, हबक्कूक ही पुस्तकं आणि यिर्मयाची अर्धीअधिक प्रार्थना. आपण ते वाचतो, पण वापरत नाही. धीर देणारी स्तोत्र २३ आणि ९१ घराघरांत पाठ असतात, स्तोत्र १३ क्वचितच. माझं मत असं की संकटात देवाची विश्वसनीयता धरून ठेवायची असेल तर आधी देवाकडे रीतसर तक्रार करता आली पाहिजे. ज्याच्याकडून काहीच होणार नाही याची खात्री पटली, त्याच्या दारात माणूस गाऱ्हाणं घेऊन उभा राहत नाही.

सुरुवात स्तोत्र १३ ने करावी, कारण ते फक्त सहा ओव्यांचं आहे आणि त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतात. एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. तिथे मध्येच मेसेज येतो आणि आपण तक्रार अर्धवट टाकून कुणाला तरी अंगठा पाठवतो. पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. शक्यतो सकाळी बसा. रात्री उशिरा लिहिलेली तक्रार झोप घालवते.

पहिल्या दोन ओव्यांत स्तोत्राचा कवी दावीद चार वेळा ‘कुठवर’ विचारतो. त्यांतले पहिले दोन प्रश्न थेट देवाला आहेत: कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार. तिसरा स्वतःच्या मनातल्या घालमेलीबद्दल आहे आणि चौथा समोरच्या शत्रूबद्दल. हा क्रम ठेवा. वहीत चार ओळी, प्रत्येक ओळ ‘कुठवर’ने सुरू. समजा घरात डायलिसिसचा पेशंट आहे. मग ‘कुठवर आमच्या अडचणी’ असं लिहून भागत नाही. ‘आठवड्यातून तीन वेळा सुई टोचून घेताना बाबा तुझं नाव घेतात, तू कुठवर गप्प राहणार?’ असं लिहावं लागतं. तिसऱ्या ओळीत आपलं स्वतःचं: ‘पहाटे तीनला जाग येऊन मी कुठवर हिशोब करत पडू?’ चौथीत माणसं: ‘उसने दिलेल्या पैशांची आठवण दर रविवारी करून देणारा भाऊ कुठवर?’

बहुतेक जण पहिल्या दोन ओळी गाळतात आणि थेट चौथीवर येतात. देवाला बोलायची भीती वाटते, भावाला बोलायची नाही. मग ती प्रार्थना म्हणजे नातेवाइकांची उखाळीपाखाळी होते, फक्त शेवटी ‘आमेन’ लावलेली. दावीदाने दोन प्रश्न देवाला विचारले, म्हणून तुम्हीही दोन विचारा. उद्धटपणाची भीती वाटत असेल तर हे शब्द पवित्र शास्त्रात छापलेले आहेत, आणि वधस्तंभावर प्रभूने स्वतः स्तोत्र २२ ची पहिली ओळ उच्चारली (मत्तय २७:४६, मार्क १५:३४) एवढं ध्यानात ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. आणि लगेच कारणं: नाहीतर मला मृत्यूची झोप लागेल, नाहीतर शत्रू म्हणेल मी जिंकलो, नाहीतर मी ढळलो म्हणून तो आनंद करेल. मागणी एकच लिहा आणि ती अशी हवी की ती मिळाली की नाही हे नंतर सांगता येईल. ‘बाबांना आशीर्वादित कर’ याचं उत्तर आलं की नाही हे कोण ठरवणार? ‘महात्मा फुले योजनेची मंजुरी या शुक्रवारपर्यंत येऊ दे’ याचं उत्तर शुक्रवारी संध्याकाळी कळतं. मोघम मागण्यांनी माणूस निराशेपासून वाचतो खरा, पण देव काही करतो हे बघण्याची संधीही घालवतो. मागणीखाली एक-दोन ‘नाहीतर’ लिहा. काय हरवेल याची भीती आहे ते तिथे बाहेर येतं, आणि पुष्कळदा ते मागितलेल्या गोष्टीपेक्षा वेगळंच असतं. मागतो पैसे, भीती असते ती चारचौघांत मान खाली जाण्याची.

शेवटच्या दोन ओव्यांवर गाडी हमखास घसरते. तिथे दावीद म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, माझं मन तू केलेल्या तारणाने आनंदित होईल, मी गाईन. आत्ता मला आनंद होतोय असं तो म्हणत नाही. भरवसा ठेवून झालेला आहे, आनंद पुढे आहे, मध्ये आजचा दिवस रिकामा आहे. म्हणून वहीतही तसंच लिहा: एक वाक्य मागचं, एक वाक्य पुढचं. ‘मागच्या वर्षी ॲडमिट करायची वेळ आली तेव्हा तू पोचवलंस. मी पुन्हा गाईन.’ आजच्या भावनेबद्दल खोटं लिहायची गरज नाही. ज्या दिवशी हेही लिहवत नाही त्या दिवशी पाचवी ओवी बायबलमधून तशीच उतरवून काढा. शब्द दावीदाचे, अक्षर आपलं.

दोन प्रकारे हे बिघडतं. काही जण तक्रारीची एक ओळ लिहून घाईघाईने स्तुतीवर उडी मारतात, कारण लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं. त्यांनी आठवडाभर मुद्दाम ओवी ४ लाच थांबावं. काही जण महिनोन्महिने पहिल्या दोन ओव्यांतच फिरत राहतात. रोज तीच तक्रार, त्याच शब्दांत. सलग दोन आठवडे पान बदललं नाही, तर एकट्याने लिहिणं बंद करून पाळकांबरोबर किंवा विश्वासातल्या एका माणसाबरोबर बसावं. वही तेव्हा मदत करायची थांबलेली असते.

आता आठवणीचा भाग. त्यासाठी आसाफाचं स्तोत्र ७७ घ्यावं. ओवी ७ ते ९ मध्ये एकापाठोपाठ सहा प्रश्न आहेत: प्रभू कायमचा टाकून देईल काय, पुन्हा कधी प्रसन्न होणार नाही काय, त्याची दया संपली काय... सहाही प्रश्नांना स्तोत्रात थेट उत्तर नाही. अकराव्या ओवीपासून आसाफ फक्त आठवायला लागतो. आणि काय आठवतो? स्वतःचं आजारपण बरं झालं ते नव्हे. तांबड्या समुद्रातून लोकांना काढलं ते, म्हणजे त्याच्या जन्माच्या शेकडो वर्षं आधीची गोष्ट.

ही फार उपयोगाची युक्ती आहे. दुखण्यात किंवा कर्जात माणसाची स्वतःची आठवण पक्षपाती होते, चांगलं काही आठवतच नाही. ‘तुझ्या आयुष्यात देवाने काय काय केलं ते मोज’ असा सल्ला अशा वेळी उलटतो. मोजायला बसल्यावर हाताशी काहीच लागत नाही आणि अपराधीपणा वाढतो. म्हणून वहीच्या मागच्या बाजूने तीन याद्या सुरू करा, याच क्रमाने. पहिली शास्त्रातली: निर्गम म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटका, यार्देन नदीतून काढलेले बारा दगड (यहोशवा ४), येशूची रिकामी कबर. दुसरी आपल्या मंडळीची आणि आपल्या आधीच्यांची. तिसरी स्वतःची. तिसरी कोरी राहिली तरी पहिल्या दोन भरता येतात.

दुसऱ्या यादीसाठी मराठी ख्रिस्ती माणसाला लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. बाप्तिस्मा १८८३ मधला, म्हणजे हे सगळं सोसून झाल्यावरचा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. जिच्यावर पुढचा सगळा भार टाकायचा होता ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. या चरित्राचा वापर ‘बघा, शेवटी सगळं चांगलं झालं’ असा करू नये. मुलगी परत आली नाही. यादीत लिहायचं ते एवढंच की एवढं हरवलेल्या बाईच्या हातून काम पूर्ण झालं.

स्तोत्र ७७ च्या एकोणिसाव्या ओवीत एक विलक्षण गोष्ट आहे. तुझी वाट समुद्रातून गेली, पण तुझ्या पावलांचे ठसे दिसले नाहीत, असं आसाफ म्हणतो. आणि विसाव्या ओवीत लोकांना मोशे आणि अहरोन यांच्या हाताने नेलं, असं सांगून स्तोत्र संपतं. देव दिसला नाही, दोन माणसं दिसली. म्हणून तिसऱ्या यादीत माणसांची नावं लिहा: रक्त द्यायला आलेला, फी भरलेली, रात्री दवाखान्यात बसलेली.

वहीच्या पुढच्या भागात डाव्या पानावर तारीख आणि मागणी लिहिली की उजवं पान कोरं ठेवा. तिथे नंतर काय झालं ते लिहायचं. झालं तर झालं, नाही तर ‘नाही’ असं स्वच्छ लिहा. फक्त मिळालेल्या उत्तरांची वही ठेवणारे पुष्कळ असतात आणि त्यांची वही पहिल्या मोठ्या ‘नाही’ला बंद पडते. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेल्या आपल्या पीडेसाठी तीन वेळा विनंती केली, काटा निघाला नाही, आणि तेही त्याने लिहून ठेवलं (२ करिंथ १२). इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय पस्तिसाव्या ओवीच्या मध्यावर असाच वळतो: तिथपर्यंत सिंहांची तोंडं बंद झाली, त्यानंतर लोक करवतीने कापले गेले. दोन्ही गटांना एकच शेरा आहे, विश्वासाने.

थोडं त्या कॅलेंडरवरच्या वचनांबद्दल, कारण संकटातल्या माणसाच्या फोनवर तीच येऊन पडतात. यिर्मया २९:११, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. हे वाक्य बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत आहे, आणि पाचव्या ओवीत घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा अशी सूचना. म्हणजे पत्र हातात पडलं त्या दिवशी जो चाळिशीत होता त्याने परतीचा प्रवास पाहिलेला नाही. तरीही वचन त्याचंच होतं. हे वचन पाठवायचंच असेल तर ओवी ५ ते ११ एकत्र पाठवा. लगेच सुटका होईल असा समज होत नाही, आणि आज करायचं काम हातात मिळतं.

विलापगीत ३:२२-२३ चंही तसंच. परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, ही ओळ यरुशलेम बाबेलच्या सैन्याने जाळल्यानंतरची, इ.स.पू. ५८६ च्या सुमाराच्या विध्वंसाची आहे. पाच अध्यायांच्या पुस्तकात ती तिसऱ्या अध्यायाच्या मध्याच्या थोडी आधी येते. पहिल्या चार अध्यायांत हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांचा क्रम पाळलेला आहे. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओव्या, म्हणून त्याच्या ६६. कवीने दुःखाला अक्षरशः अ पासून ज्ञ पर्यंत जागा दिली आहे. आणि ‘करुणा नवी होते’ म्हणून झाल्यावर तो थांबत नाही. चौथा अध्याय पुन्हा उपासमारीचा आहे, पाचव्याचा शेवट ‘की तू आम्हांला अगदी टाकून दिलंस?’ अशा सुरावर होतो. बाविसाव्या ओवीने बरं वाटलं आणि संध्याकाळी पुन्हा रडू आलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही. पुस्तकाचाच क्रम तसा आहे.

शरीराबद्दल थोडक्यात. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोप, भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची चाल त्यानंतर. म्हणून थकलेल्या, न जेवलेल्या माणसाला उपवास प्रार्थनेला बसवू नका. मधुमेही, गरोदर आणि औषधांवर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये. दोन आठवडे झोप, भूक आणि कामातलं लक्ष गेलेलं असेल तर डॉक्टर गाठा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी, मोफत नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. सोबत कुणीतरी माणूस ठेवा. ‘विश्वासू माणसाला नैराश्य येत नाही’ असं म्हणणाऱ्याला एलीयाचा अध्याय वाचायला द्या.

स्तोत्र ८८ या सगळ्यात वेगळं पडतं. हेमान एज्राही याच्या नावावरचं हे स्तोत्र शेवटपर्यंत वळत नाही. शेवटचा शब्द अंधाराचाच आहे. मूल गेलं, जोडीदार गेला, अशा पहिल्या काही आठवड्यांत स्तोत्र १३ ची शेवटची ओवीसुद्धा जड जाते. तेव्हा हे वाचावं, मोठ्याने, दुसऱ्या माणसासोबत. एकट्याने रात्री नको. पुढे ‘पण’ लावून ते सुधारायला जाऊ नका.

भेटायला जाणाऱ्यांसाठी ईयोबाच्या मित्रांचा हिशोब सोपा आहे. सात दिवस आणि सात रात्री ते जमिनीवर गप्प बसले तोवर बरोबर होते (ईयोब २:१३). तोंड उघडलं आणि पुढचे वीसेक अध्याय बिघडले. शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच निघाला (४२:७). पहिली भेट वीस मिनिटांची पुरे. कुठलं पाप नडलं हे शोधायचं नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी तेच विचारलं आणि प्रभूने ते खोडून काढलं (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दलही तसंच (लूक १३:४). ‘देवाला तो जास्त आवडला म्हणून नेला’ हे तर लहान मुलांसमोर चुकूनही बोलू नये, पोरं देवाला घाबरायला लागतात. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून उठू नका, कारण कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी आणि गुरुवारी दुपारचा डबा आमच्याकडून’ असं वार घालून सांगा. दवाखान्यात रात्री बसायच्या पाळ्या एका माणसाने वहीत मांडाव्यात. आणि पहिला आठवडा सगळे येतात, म्हणून तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा.

पैशाची मदत मंडळीच्या निधीतून दिली तर किती आणि कशासाठी हे पंचांच्या नोंदीत असावं, नाव मात्र सूचनाफलकावर नसावं.

एक इशारा द्यावाच लागतो. संकटातल्या घरात काही प्रचारक फार लवकर पोचतात. अमुक रक्कम ‘पेरा’ म्हणजे शंभरपट येईल, बरं झाल्याची साक्ष आजच स्टेजवर द्या, औषध बंद करणं हाच विश्वास; यातलं एक जरी वाक्य कानावर आलं तरी त्या सभेला पुन्हा जाऊ नका. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. तिथे ना फी आहे, ना औषध सोडायची अट. इन्शुलिन, फिट्सची गोळी, मानसोपचाराची औषधं प्रार्थनेनंतर बंद करू नयेत. क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. खरोखर बरं झालेलं असेल तर ते पुढच्या तपासणीतही दिसेल, देवाला डॉक्टरांच्या कागदाची भीती नाही.

नवसाबद्दलही तेच. हन्नाने नवस केला तो स्वतःला मिळणारं मूल परत देण्याचा. इफ्ताहाने घाईत तोंडातून काढलेल्या नवसाची किंमत मुलीने मोजली (शास्ते ११). दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये कुठलाही नवस बोलू नये, आणि बोललाच असेल तर महिनाभराने पाळकांशी किंवा फादरांशी बोलून मगच पुढे काय ते ठरवावं.

हे सगळं एकट्यादुकट्याच्या वहीत राहू नये म्हणून रविवारच्या उपासनेत त्याला जागा करता येते. महिन्यातून एकदा, मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थनेच्या आधी, स्तोत्र १३ घ्यावं. ओवी १ आणि २ एकाने वाचाव्यात. मग अर्धा मिनिट शांतता. घड्याळ लावून, कारण तीस सेकंद पुढाऱ्याला तीन मिनिटांसारखी वाटतात आणि तो मध्येच बोलायला लागतो. ओवी ३ आणि ४ सगळ्यांनी मिळून. ओवी ५ आणि ६ बाकांच्या मागच्या रांगेतून कुणीतरी दुसऱ्याने, म्हणजे ज्याला त्या दिवशी ते म्हणवत नाही त्याला निदान ते आपल्या पाठीमागून ऐकू येतं. त्यानंतर लगेच जोशाचं गीत लावू नका. ढोलकीवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने ठेका धरतो.